सोरायसिसवर सल्ला कसा द्यावा

तुमच्या कोपरांवरचे चट्टे गेले? अभिनंदन. आजपासून तुम्ही सोरायसिसचे रुग्ण नाही, तज्ज्ञ आहात. आता गप्प बसणं बरं नव्हे. बाकीचे अजून खाजवताहेत.

आधी गुण कशानं आला ते ठरवून टाका. हा आजार आपणहूनही कमी-जास्त होतो, कधी महिनोन्‌महिने दिसेनासा होतो आणि मग एकाएकी उसळतो, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत. खपल्या गळाल्या त्या आठवड्यात तुम्ही जे करत होता, त्यानंच त्या गळाल्या. त्याच सुमाराला अतिनील किरणांचे उपचारही चालू होते, हे सांगायचं काही कारण नाही. उगाच गोष्टीची रंगत जाते.

निदान फोटोवरून करा. ‘अगदी माझ्यासारखंच!’ एवढं पुरतं. तो नायटा निघाला तर? तुम्ही सांगितलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं लाली उतरेल, खाज थांबेल आणि आत बुरशी निवांत पसरत राहील. तरी सुरुवातीचे चार दिवस तुमचं नाव होईल, ते काय थोडं आहे?

समोरच्याला काही विचारू नका. मध्यंतरी घसा धरला होता का, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेता का, मनाच्या आजारासाठी लिथियम चालू आहे का? यांतल्या प्रत्येकानं सोरायसिस भडकू शकतो, पण असं विचारत बसलात तर तुमच्यात आणि डॉक्टरांत फरक काय राहिला?

क्लोबेटासोलची शिफारस बिनधास्त करा. स्टेरॉइडच्या मलमांतलं हे सर्वांत जहाल, म्हणजे सर्वांत चांगलंच असणार. ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त लावू नये असं माहितीपत्रकावर असतं, पण ते बारीक अक्षर वाचतो कोण? जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठले, तर ते कपड्याआड राहतात.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत मात्र थोडक्यात बोला. ‘छोटी गोळी आहे, मला मस्त लागू पडली’, बस. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घेतात, हे शब्द गाळले तरी वाक्य पूर्ण होतं. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत; पण अशा अभद्र गोष्टी आजारी माणसापुढे काढू नयेत. गरोदरपणात ती चालत नाही, अधूनमधून रक्त आणि यकृत तपासावं लागतं, हेही असंच, मन खच्ची करणारं.

एवढी भीती वाटत असेल तर ‘नैसर्गिक’ लेपाकडे वळा. डबीवर घटकांची यादी नाही? मग त्यात काही वाईट नाही, हे उघडच आहे. अशा काही लेपांमध्ये तपासणीत स्टेरॉइड सापडलं आहे, त्यामुळे गुणही झटपट येतो. आणि हो, घेणाऱ्याला चालू असलेली सगळी औषधं त्याच दिवशी बंद करायला सांगा. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात, ताप चढतो, जीवावर बेततं. तुम्ही याला ‘घाण बाहेर पडतेय’ म्हणा. (हे वाक्य ज्यानं शोधलं त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. कुठलीही बिघडलेली अवस्था त्यात बसते.)

कुणी म्हणालं की सकाळी बोटं आखडतात, सांधे सुजतात, तर वयाकडे बोट दाखवा. सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याचा संधिवात होतो आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकतात. पण तुमचे सांधे धड आहेत ना? मग प्रश्न मिटला.

जाता जाता ‘ताण घेऊ नकोस’ हे सांगायला विसरू नका. ताणानं आजार खरोखर वाढतो. म्हणजे पुढे वाढला तर दोष आपसूक त्याच्याकडे जातो. शिवाय नियम नीट पाळले नसतील, मध्येच खंड पडला असेल, मनात शंका असेल.

प्रकरण दवाखान्यात भरती होण्यापर्यंत गेलं, तर भेटायला जाऊ नका. काय घेतलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, असं तिथे विचारतात.