साहेबांचा हार

शर्टावरचा गुलाल तिसऱ्या धुण्यातही निघाला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मिळकतकराच्या बिलात सुरेशचं सुरेखा झालंय. दुरुस्तीचा अर्ज घेऊन महापालिकेत गेलो, तर गेट बंद. आत महापौरपदाची निवडणूक. सहलीवर नेलेले नगरसेवक बसमधून थेट सभागृहात उतरलेले. हात वर करायचे, मोजायचे, झालं! तरी 'अर्ध्या तासात सोडतो' असं सुरक्षारक्षक साडेदहाला म्हणाला आणि साडेबारालाही तेच म्हणाला.

शेजारी एक हारवाले काका. खांद्यावर अजगराएवढा झेंडूचा हार आणि मनगटाला शेवंतीचा एक, सत्यनारायणाच्या फोटोला पुरेल एवढा.

"मोठा ताईंचा वाटतं?" मी विचारलं. मंत्रालयातल्या सोडतीत पद महिलेसाठी राखीव निघालं होतं.

"छे! मोठा साहेबांना. ताईंना हा."

"साहेब कोण?"

"ताईंचे मिस्टर."

"पण महापौर ताई होणार ना?"

"म्हणून तर त्यांनाही आणलाय!"

मग काका धंद्याचं बोलू लागले. "पूर्वी महापौर वर्षाला बदलायचा. वर्षाला एक हार पक्का. मग अडीच वर्षं केली. अन् 2022 पासून तर नुसता प्रशासक. प्रशासकाला कोण हार घालतं? बुके देतात. बुके म्हणजे काय, चार दांड्या अन् चकचकीत कागद!"

प्रशासकावर माझाही राग होता, पण तो आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांवरून. काकांचं दुःख ऐकून मला माझं सांगायची लाज वाटली.

तसा राग या निवडणुकीवरही आहेच. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने डिसेंबरात नगरसेवकाबरोबर नगराध्यक्षही स्वतःच्या बोटाने निवडला. मी 15 जानेवारीला दोन तास रांगेत उभं राहून चार नगरसेवकांची चार बटणं दाबली, आणि महापौर कोण, हे मला हारवाल्याकडून कळतंय. बरं, त्या महापौराच्या हातात तरी काय? कारभार आयुक्तांचा. म्हणजे साहेबांना हार, ताईंना खुर्ची आणि सही तिसऱ्याचीच.

"जरा ताठ उभे राहा," काका म्हणाले. "साहेब तुमच्याच मापाचे आहेत. गुडघ्याच्या खाली जातोय का बघू." नको म्हणेपर्यंत हार गळ्यात पडलाही.

नेमकं तेव्हाच गेट उघडलं. ताशा कडाडला आणि कुणीतरी परातभर गुलाल माझ्या अंगावर ओतला. एक पोरगा पाया पडला. एका आजोबांनी कोपर धरलं, "साहेब, आमच्या ड्रेनेजचं तेवढं बघा."

"बघतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, दोन सेकंद बरं वाटलं.

काकांनी हार ओढून काढला. "अहो, झेंडू गळतोय! पैसे कोण देणार?"

तसाच लाल-गुलाबी होऊन खिडकीवर गेलो. क्लार्कने अर्ज दोन बोटांत धरला. "डाग पडलेत. दुसरा भरून आणा."

"तुमच्याच दारात पडलेत."

"उद्या या. आज सत्कार आहे." मग त्याने बिलावरचं नाव वाचलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि येताना सुरेखाताईंना घेऊन या. मिस्टरांची सही चालत नाही इथे."