‘फक्त रंग बदलला’? मग दुसरा रिमोट हातात घ्या

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या जुन्या टीव्ही गेमबद्दल (जपानमध्ये त्याचं नाव फॅमिकॉम, अमेरिकेत एनईएस) एक दावा सध्या जो तो पुढे ढकलतोय: ‘जपानचा फॅमिकॉम आणि अमेरिकेचा एनईएस यांचे कंट्रोलर एकच. चिप तीच, बटणं तीच. लाल-सोनेरी काढून राखाडी प्लास्टिक लावलं, एवढंच. बाकी सगळा संग्राहकांनी भाव चढवायला केलेला गाजावाजा.’

चिप तीच, हे खरंय. दोन्हीकडे 4021 ही साधी शिफ्ट रजिस्टर चिप आहे. कन्सोलने, म्हणजे गेमच्या मुख्य डब्याने, इशारा दिला की ती त्या क्षणी आठही बटणांची स्थिती पकडून ठेवते आणि मग एकेक करून सांगते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी 1982च्या ‘डाँकी काँग’ गेम अँड वॉच या हातातल्या छोट्या गेमवर आणलेला अधिक चिन्हासारखा डी-पॅडही (दिशांचं बटण) दोन्हींवर आहे. नुसता पहिल्या नंबरचा रिमोट पाहिला (आम्ही रिमोटच म्हणायचो, कंट्रोलर हा शब्द फार नंतर कानावर आला), तर दावा पटण्यासारखा आहे.

‘बटणं तीच’ म्हणणाऱ्याने मात्र दुसरा रिमोट कधी हातात घेतलेला नाही. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट नाही, सिलेक्टही नाही. त्याऐवजी माइक आहे आणि आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. बोललात की आवाज टीव्हीतून येतो. गेमला मात्र आवाज झाला की नाही, एवढंच कळतं. शब्दबिब्द काही नाही.

पण तेवढ्यावरही खेळ बदलतो. ‘झेल्डा’ हा गेम 1986 साली जपानमध्ये फॅमिकॉमच्या डिस्कवर आला. त्यात पोल्स व्हॉइस नावाचं मोठ्या कानांचं भूत आहे. माइकमध्ये ओरडलं की खोलीतली अशी सगळी भुतं खलास. एनईएसला माइकच नाही, म्हणून तिथे बाणाने एका फटक्यात मरायची सोय केली. माहितीपुस्तिकेत मात्र ‘याला मोठा आवाज सहन होत नाही’ अशा अर्थाची ओळ तशीच राहिली. तिकडची पोरं गेममधली बासरी वाजवून वाजवून थकली, भूत जागचं हललं नाही. रिमोट खरंच एकच असते, तर ही फजिती झालीच नसती.

याचा धागा आपल्या घरापर्यंत येतो. नव्वदीत आपल्याकडे मिळणारे स्वस्त टीव्ही गेम बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेटही त्याच 60 पिनांच्या. एनईएसच्या 72 पिनांच्या असतात. त्यातल्या कितीतरी गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नसायचं. नक्कल करणाऱ्यांनी माइक गाळला, पण गायब बटणं काही परत बसवली नाहीत. आमच्याकडे तो रिमोट अर्थातच धाकट्याच्या वाट्याला. जेवायची हाक आली की पॉजसाठी (तो स्टार्टनेच व्हायचा) बिचारा माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

शिवाय खुद्द जपानमध्येही बटणं ‘तीच’ राहिली नव्हती. सुरुवातीच्या फॅमिकॉमवर ए आणि बी चौकोनी, रबरी होती. ती कोपऱ्यात अडकून आत बसायची, म्हणून पुढे गोल, कडक प्लास्टिकची आली.

आता ‘रंग बदलला, एवढंच’. 1983चा फॅमिकॉम 14,800 येनांना होता आणि त्याचे दोन्ही रिमोट वायरसकट डब्यालाच कायमचे जोडलेले. निघणारे रिमोट तेव्हा माहीत नव्हते असं नाही, अटारी या अमेरिकी कंपनीच्या 1977च्या गेमला ते होतेच. पण कनेक्टर नाही म्हणजे तेवढा खर्च वाचला. वायर तुटली की डबाच उघडायचा. वायर जेमतेम मीटरभर, म्हणजे टीव्हीपुढे मांडी घालूनच बसा. खेळून झालं की रिमोट डब्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत. अमेरिकेसाठी निन्टेंडोने जानेवारी 1985मध्ये चक्क बिनवायरचे, इन्फ्रारेड रिमोट प्रदर्शनात मांडले होते. ते बारगळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनईएस न्यूयॉर्कच्या दुकानांत आला तो लांब वायरचे, 7 पिनांचे, काढता येणारे रिमोट घेऊन. त्यामुळे तिथे एक रिमोट काढून त्याच जागी बंदूक लावता येते. फॅमिकॉमची बंदूक पुढच्या वेगळ्या 15 पिनांच्या पोर्टमध्ये जाते. याला रंगकाम म्हणत नाहीत.

राहिले संग्राहक. भाव चढवणारे आहेतच, त्यांची वकिली मी करणार नाही. पण 2016 साली निन्टेंडोनेच दोन्ही कन्सोलच्या छोट्या आवृत्त्या काढल्या. छोट्या एनईएसला हातात नीट धरता येईल असा पूर्ण आकाराचा, काढता येणारा रिमोट दिला. छोट्या फॅमिकॉमचे रिमोट डब्याच्याच प्रमाणात चिमुकले, मोठ्या माणसाच्या अंगठ्याखाली झाकले जातील एवढे, आणि डब्याला कायमचे जोडलेले. त्यातल्या दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्ट याही वेळी नाहीत.