‘व्हायरस म्हणजे विष’ एवढंच खरं, पुढचं सगळं चुकीचं

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष, म्हणून विषाणू असं काही नसतंच, असतं ते शरीरात साठलेलं विष, विषाणू कुणी पाहिलेला नाही, हे लोकांना कळू नये म्हणून डॉक्टरांनी रोगांची सगळी नावं लॅटिनमध्ये ठेवली, तेव्हा लस नको, विष उतरवा. यातला शब्दार्थ बरोबर आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचं लोकांच्या गळी उतरतंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लॅटिन ‘व्हायरस’ आणि आपलं ‘विष’ एकाच मुळातले शब्द. रोग पसरवणारं कुठलंही द्रव्य पूर्वी याच नावाने ओळखलं जाई. १७९८ मध्ये देवीच्या लशीचा जनक जेन्नरनेही गोस्तन देवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) फोडातल्या स्रावाला व्हायरसच म्हटलं.

पुढे तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाने हे चित्र बदललं. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने रोगट पानांचा रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू त्यात अडकतात, तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. मग हे विष असेल का? १८९८ मध्ये हॉलंडमधल्या बायरिंक या शास्त्रज्ञाने रोगी झाडाचा रस दुसऱ्या झाडाला दिला, त्याचा तिसऱ्याला. विष असतं तर दर खेपेला पातळ होत संपलं असतं. इथे जोर तसाच राहिला, म्हणजे ते झाडात वाढत होतं. हा घटक विषासारखा वागत नाही हे दाखवूनच बायरिंकने त्याला ‘व्हायरस’ हे जुनं नाव दिलं.

‘कुणी पाहिला नाही’ हे तर १९३९ पासूनच खोटं आहे. तंबाखूच्या त्याच विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं त्या वर्षी आली. लांब कशाला, २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूचं चित्र प्रसिद्ध केलं.

सगळी नावं लॅटिन, हेही खरं नाही. डायबेटिस, न्यूमोनिया, अस्थमा ग्रीक आहेत. मलेरिया इटालियन, अर्थ ‘वाईट हवा’. नावावरून कारण ठरवायचं तर डासांच्या मागे लागायलाच नको. पण १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला मलेरियाचा परजीवी सापडला तो डासाच्या पोटात. कारण कळलं, नाव राहिलं. आणि लपवाछपवी म्हणाल, तर या शब्दांचे अर्थ कुठल्याही शब्दकोशात मिळतात.

माझा खरा राग आहे तो शेवटच्या सल्ल्यावर. रेबीज हा विषाणूचाच आजार. कुत्रा चावल्यावर विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, म्हणून चावल्यानंतर दिलेली लसही माणसाला वाचवते. लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ. विष उतरवण्यात गेलेले दिवस म्हणजे हातातली संधी घालवणं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, लसीचा एकही डोस चुकवू नका. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.