हात सैल सोड म्हणे

पोहून दम लागावा, पाय गळून जावेत, खांदे भरून यावेत, हे सगळं मला मान्य आहे. पण माझं दमतं काय, तर कोपर ते मनगट एवढाच तुकडा. बाकीचं शरीर फ्रेश असतं, अजून दोनचार लॅप मारू म्हणत असतं, आणि हा मधलाच भाग टणक होऊन ठणकत असतो. खरा तमाशा चेंजिंग रूममध्ये होतो. ओला कॉस्च्यूम पिळायला घ्यावा तर पीळच बसत नाही, मग तो तसाच थबथबत पिशवीत जातो. पिशवीची चेन बोटांत धरवत नाही. शॅम्पूच्या बाटलीचं झाकण एकदा शेवटी दातांनी उघडलं, आणि तेव्हा कळलं की शॅम्पूचा फक्त वासच चांगला असतो.

यावर सगळ्यांचं निदान एकच, हात सैल सोड. सर काठावरून ओरडतात, "रिलॅक्स! अगं रिलॅक्स!" आता ज्या आवाजात ते हे ओरडतात ना, त्या आवाजात लोक आग लागल्याची खबर देतात. बरं, सैल सोडायचा म्हटलं तरी नक्की कुठला स्नायू आवळलाय हे कळायला आधी तो आणखी आवळून बघावा लागतो, आणि एवढा सगळा हिशोब नाकात पाणी जात असताना करायचा.

मग वाचत बसले. तर बोटांमध्ये म्हणे हलवणारे स्नायू नसतातच, त्यांना वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली बसलेले असतात आणि तिथून लांबलचक कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांनी, बोटं ओढतात. म्हणजे मी पाण्यात पाची बोटं एकमेकांना चिकटवून पंजा फळीसारखा ताठ करते, त्याची मजुरी हा तुकडा करत असतो. आणि तीही फुकट! कारण बोटांत थोडी फट राहिली तरी त्यातून पाणी धो धो वाहून जात नाही, अडतंच, उलट किंचित फट असलेला पंजा घट्ट मिटलेल्या पंजापेक्षा जरा जास्तच पाणी रेटतो असं अभ्यासात दिसलंय. मी इतके दिवस कशासाठी आवळत होते देव जाणे.

पण खरा घोळ पाठीचा आहे. फ्रीस्टाइलमध्ये ओढायचं काम मुळात पाठीच्या रुंद स्नायूचं, ज्याला जिमवाले लॅट म्हणतात त्याचं. हात पुढे गेला की कोपर वर ठेवून बोटं तळाकडे वळवायची, म्हणजे पंजा आणि कोपराखालचा हात मिळून एकच मोठी सपाट बाजू तयार होते आणि पाठ तिला मागे ओढते. कोपराखालच्या हाताने फक्त तिथे हजर असायचं. माझ्यात नेमकं उलटं चालतं. सोफा हलवताना सगळ्यात धडधाकट माणूस "जरा डावीकडे घ्या" म्हणत बाजूला उभा असतो ना, तशी माझी पाठ. कोपर सगळ्यात आधी खाली पडतं, मनगट दुमडतं, आणि मग मी पाणी मागे लोटण्याऐवजी खाली दाबत बसते, ज्याने डोकं छान वर येतं पण मी आहे तिथेच.

डोकं वर कशाला हवं, तर श्वासाला. सगळ्याचं मूळ तिथे आहे असं माझं तरी मत झालंय. पाण्याखाली श्वास कोंडून धरला की आतून सगळं आवळतं, आणि मग वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा दोन्ही एकाच झटक्यात म्हणजे हाताचा आधार घेणं आलंच. तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडत राहिलं की गंमत म्हणजे पंजा आपोआप ढिला पडतो. सर "रिलॅक्स" ऐवजी "बुडबुडे सोड" असं ओरडले असते तर त्यांचा घसा, माझे हात आणि शॅम्पू तिन्ही वाचले असते.

शेजारच्या लेनमधले काका मात्र निवांत प्रकरण आहे. त्यांचा हात पाण्याबाहेर येतो तो नुसता लोंबकळत, बोटं पाण्यावर घासत, कोपरच काय ते वर, आणि तरी ते मला कायम मागे टाकून जातात. मी एकदा काठावर हात चोळत उभी होते तर म्हणाले, "अगं, पाणी कुठे पळून चाललंय का?" पाणी हवेपेक्षा आठशेपट घनदाट असतं, ते आपणहून हाताला अडतं, त्याला मुठीत पकडायची गरज नाही, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगून टाकलं आणि परत निघून गेले, बहुतेक पुढच्या भिंतीला टेकून येऊन मला पुन्हा ओव्हरटेक करायला.

सरांनी मग ड्रिल दिली, मुठी मिटून पोहायचं. पंजाच नाही म्हटल्यावर कोपराखालचा हात झक मारत पाणी शोधायला लागतो, आणि नंतर मूठ उघडली की पंजा एकदम सुपाएवढा वाटतो, हे खरंच होतं. फक्त मूठ हलकी ठेवायची असते, हे सांगायचं ते विसरले, त्यामुळे पहिल्या दिवशी मी अख्खा पूल बुक्क्या मारत पार केला. (आणि हो, हाताला मुंग्या येत असतील किंवा कोपर घरी बसल्याबसल्याही दुखत असेल तर ड्रिलबिल सोडा आणि डॉक्टरकडे जा.)

हल्ली बरं चाललंय. किकबोर्ड, म्हणजे पाय मारताना धरायची तरंगती फळी, तीसुद्धा नुसता हात ठेवून धरते, पूर्वी तिच्यावर बोटांचे ठसे उठायचे बाकी होते. सर इतके खूश झाले की त्यांनी परवा पॅडल, म्हणजे पंजाला लावायच्या प्लास्टिकच्या चपट्या ताटल्या, आणून दिले, मनगटाचा पट्टा काढून, फक्त मधल्या बोटात अडकवायचे. म्हणाले, "हात चुकीचा पडला की पॅडल निसटेल, तेवढं बघ." आता निसटू द्यायचं नाही म्हटल्यावर मी काय करणार! अख्खा लॅप एकही पॅडल निसटलं नाही. सर टाळ्या वाजवत होते आणि मी पॅडल काढून द्या म्हणून दोन्ही हात त्यांच्यापुढे धरून उभी, कारण बोटं काही उघडेनात.