आधी साडी, मग सुई

गेल्या महिन्यात दोन-तीन मैत्रिणींनी एकच गोष्ट विचारली. "तुझं बघून शिवायला बसावंसं वाटतं गं, पण सुरुवातच होत नाही. तुला हे सुचलं कसं?" उत्तर इनबॉक्समध्ये मावेना, म्हणून इथे लिहितेय.

मीसुद्धा आधी नुसती बघतच होते. रात्र रात्र मोबाईलवर भरतकामाचे, क्रोशाचे व्हिडिओ. त्या भरात विजेवर चालणारं शिलाई मशीन घेतलं, रंगीत दोऱ्यांचा डबा घेतला. दोन वर्षं सगळं कपाटात पडून. सुंदर वस्तू बघितली की ती हवीशी वाटते, पण हात शिवशिवायला वेगळंच काहीतरी लागतं.

माझ्या हातात सुई आली ती आईच्या साड्यांमुळे. ती गेल्यावर ट्रंक उघडली. चांगल्या साड्या बहिणी-भावजयांत वाटून झाल्या. तळाशी राहिल्या घरात नेसायच्या पाच सुती साड्या, धुवून धुवून मऊ झालेल्या. एका निळ्या साडीला निऱ्यांजवळ बोटभर फाटलेलं होतं आणि ते आईनंच शिवलेलं होतं. टाके घाईतले, तिरके. दोरा पांढरा, कारण त्या वेळी तोच हाताशी असणार. ती साडी कुणाला देववेना आणि टाकवेना. वाईच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, "घेऊन ये सगळ्या. गोधडी शिवू."

पाचवारी साडी तीन पदरी दुमडली की लांबी जवळपास माणसाच्या उंचीएवढी भरते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आत्यानं साड्या जमिनीवर अंथरल्या, कोपऱ्यांवर डबे ठेवले, तळहातानं सुरकुत्या बाहेर सारल्या, लांब लांब कच्चे टाके घातले. मग कडेपासून धावदोरा. एक फेरी झाली की बोटभर अंतर सोडून आतली फेरी, अशी चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. दोऱ्याला मेण लावायचं, म्हणजे गुंता होत नाही. नायलॉनची साडी तिनं बाजूलाच काढली. ती सरकते, घामही टिपत नाही. मी पहिल्या दिवशी दुपारभर बसून एक कोपरा शिवला. टाके वेडेवाकडे आले. उसवायला निघाले तर आत्या म्हणाली, "राहू दे. तुझ्या आईचे तरी कुठं सरळ होते?"

तेव्हापासून मी थांबलेली नाही.

मग वाचत गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची 'कवंदी' आपल्या गोधडीची सख्खी बहीण आहे. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा हा समाज. यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. त्याही जुने कपडे घेऊन कडेकडून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात. त्यांना म्हणतात 'फूल'. ती नसली तर गोधडी उघडी वाटते म्हणे! बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिकडच्या गोधडीतही, हाच धावदोरा, आणि पूर्वी दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेला. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या. या सगळ्याजणींनी हाताशी जे जुनेर होतं तेच उचललं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की शिवायला प्रेरणा शोधत बाहेर जाऊ नका. घरातला टाकवत नाही असा एक कपडा काढा. बाळाचं झबलं, आजोबांचं धोतर, कॉलर झिजलेला शर्ट. त्यातून सहा इंची तुकडे कापा आणि चहाचं भांडं उतरवायला एक चौकोन शिवा. सुई, सुती दोरा, कात्री बास. मशीन नंतर, खरंच लागलं तर.

आणि एक, याबद्दल मला फार वाटतं. शाळेत शिवणाच्या तासाला आपण धावदोरा, हेम, काजं वहीत डकवली आणि विसरलो. त्यामुळे हातानं गोधडी शिवून देणाऱ्या बाईनं मजुरी सांगितली की "एवढी?" असं पटकन तोंडातून निघतं. माझ्याही निघालंय. आता एका कोपऱ्याला दुपार जाते हे माहीत झाल्यापासून मी घासाघीस करत नाही, आणि तुम्हीही करू नका अशी कळकळीची विनंती आहे.

सध्या दुसरी गोधडी सुरू आहे, लेकीसाठी. निळी साडी हिच्या वरच्या थरात घेतलीय, पांढऱ्या दोऱ्याची बाजू वर ठेवून. मधलं हातभर शिवायचं बाकी आहे. त्या टाक्यांपाशी आले की माझी ओळ जरा वळवून घेते, ते दोऱ्याखाली जाऊ नयेत म्हणून.