चमकलं नाही म्हणजे कॅन्सर उरला नाही, असं नाही

"अमेरिकेत असा कॅमेरा आलाय की ऑपरेशन चालू असतानाच स्तनातली कॅन्सरची प्रत्येक पेशी चमकते. आता दुसरं ऑपरेशन नाही, पॅथॉलॉजी रिपोर्टची वाट बघणं नाही, रेडिएशनही नाही. आपल्याकडचे डॉक्टर मात्र अजून अंदाजानेच कापतात." हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला, तिन्ही वेळा हात जोडलेल्या इमोजीसकट.

कॅमेरा खरा आहे. ल्युमिसेल कंपनीचं हे उपकरण आणि त्यासोबतचं ल्युमिसाइट हे औषध, दोन्हींना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये मंजुरी दिली. औषध ऑपरेशनच्या दोन ते सहा तास आधी शिरेतून देतात. गाठीत आणि तिच्या आसपास काही एन्झाइम्स जास्त असतात, ती या औषधाचे तुकडे करतात आणि मग ते चमकतं. सर्जन गाठ काढून झाल्यावर आत राहिलेल्या पोकळीत कॅमेरा फिरवतो.

पण 'प्रत्येक पेशी'? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत गाठीभोवतीच्या एकेका कडेचा हिशेब मांडला, तेव्हा या पद्धतीची संवेदनशीलता ४९.३ टक्के निघाली. म्हणजे जिथे कॅन्सर खरोखर होता, त्यातल्या निम्म्या जागा कॅमेऱ्याला दिसल्याच नाहीत. उलट बाजूने, निरोगी कडांपैकी साधारण १५ टक्के ठिकाणी खोटा इशारा मिळाला, आणि इशारा मिळाला की तिथला आणखी एक तुकडा कापायचा असतो.

'दुसरं ऑपरेशन नाही' हेही तसंच. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर निघालेल्या, म्हणजे दुसरं ऑपरेशन लागू शकणाऱ्या, ६२ जणींपैकी ९ जणींचं दुसरं ऑपरेशन टळलं. त्या नऊ जणींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, पण बाकीच्यांचं काय? मला याच चाचणीतला वेगळा आकडा जास्त मोलाचा वाटतो. ३५७ पैकी २७ जणींच्या पोकळीत मागे राहिलेला कॅन्सर या पद्धतीमुळे काढता आला, आणि अशा २२ जागा नेहमीच्या तपासणीत 'स्वच्छ' ठरल्या होत्या. पॅथॉलॉजिस्ट काढलेल्या तुकड्याचे निवडक पातळ काप बघतो, अख्खा तुकडा नाही. तिथे कॅमेऱ्याची भर पडते. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच सांगितलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

रिपोर्टशिवाय मात्र पुढचं काहीच ठरत नाही. कड कुठे आहे ते कळावं म्हणून तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला शाई लावतात. आजूबाजूच्या भागात पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये त्या शाईला कॅन्सर टेकलेला नको, हा निकष २०१४ चा. दुधाच्या नळ्यांतच असलेल्या कॅन्सरसाठी (डीसीआयएस) शाईपासून २ मिलिमीटर अंतर हवं, हा २०१६ चा. कुठली औषधं द्यायची तेही गाठीच्या याच तपासणीवरून ठरतं.

रेडिएशन, म्हणजे लोकांच्या भाषेत 'शेक', कडा स्वच्छ असल्या तरी बहुतेकींना लागतं. एनएसएबीपी बी-०६ या अमेरिकेतल्या जुन्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्या ३९.२ टक्के बायकांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं.

राहिला 'अंदाज'. हाताला न लागणाऱ्या गाठीत जागा कळावी म्हणून आधी तार घालतात, काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढतात, काही ठिकाणी फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच तपासणी, करतात (स्तनातली चरबी नीट गोठत नाही, म्हणून त्यालाही मर्यादा आहेत). आणि २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या सर्जननी दाखवून दिलं की गाठ काढल्यावर पोकळीच्या चारही बाजूंचा आणखी एक पातळ थर काढला, तर दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण २१ वरून १० टक्क्यांवर येतं. त्याला ना कॅमेरा लागला, ना चमकणारं औषध.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेली आहे: जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. २०२३ च्या त्या चाचणीत औषध दिलेल्या ४०६ जणींपैकी दोघींना त्यामुळे गंभीर त्रास झाला. ॲलर्जीचा इतिहास असेल तर तो इंजेक्शनच्या आधी सांगायला हवा.