झॉम्बी दिसल्यास कुऱ्हाड खाली ठेवा

वाचकहो, भरिताचे दिवस आहेत. शेतात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जातायत, हिरव्या मिरच्या नि लसूण ठेचला जातोय, कळण्याची पुरी तळली जातेय आणि अशा वेळी बांधापलीकडून एखादा झॉम्बी पाय ओढत येताना दिसला, तर काय करावं? सिनेमांनी तुम्हाला एकच उपाय शिकवलाय: डोक्यात कुऱ्हाड. माझं ऐका. कुऱ्हाड खाली ठेवा. "या, बसा" म्हणा, तांब्याभर पाणी द्या, पंगतीला बसवा. तोही कुणाचा तरी आबा असतो.

मी हे इतक्या कळवळ्याने का सांगतोय? तर मी स्वतः झॉम्बी आहे. डिसेंबरपासून.

झालं असं, की माझ्याच नावाचे, माझ्याच आडनावाचे एक गृहस्थ दिवाळीनंतर वारले. देव त्यांना शांती देवो. त्यांच्या वडिलांचं नाव वेगळं, गाव वेगळं, पण कुणीतरी संगणकावर माझ्या नावापुढे 'मयत' लिहून मोकळं झालं. आमचं आडनाव घेऊन बाजारात हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो, तेव्हा अशी चूक व्हायचीच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (आहे. पण ती पुढे.) पेन्शन बंद झाली म्हणून मी चौकशीला गेलो, दोन तास रांगेत उभा राहिलो, आणि खिडकीवरच्या पोराने मान वर न करता सांगितलं, "हे खातेदार वारलेत." मी म्हणालो, "अरे, मी जिवंत आहे!" जरा जोरात म्हणालो. काठीही वर गेली असेल. मागे उभ्या असलेल्या एकाने त्याचं चाळीस सेकंदांचं शूटिंग केलं, त्याला घुरघुरण्याचा आवाज जोडला आणि वर लिहिलं: 'आपल्या तालुक्यातला पहिला झॉम्बी'. मी घरी पोचायच्या आधी तो व्हिडिओ घरी पोचला होता. संध्याकाळी पुण्याहून सुनेचा फोन आला, बिचारी हसू दाबून बोलत होती.

मला राग आला तो झॉम्बीच्या वतीने. म्हणून या सूचना.

पहिली सूचना, नाव नीट घ्या. आपल्याकडे झोंबी म्हणजे झटापट, आणि झोंबते ती मिरची. झॉम्बी या दोन्हींतला नव्हे. सिनेमात तो अंगावर धावून येतो, चावे घेतो, गळे धरतो. मूळचा झॉम्बी कुणाच्या अंगाला बोट लावत नव्हता. त्याच्याच अंगाला सगळ्यांनी हात लावला होता.

दुसरी सूचना, त्याच्या चालीला हसू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला दुपारी तीन वाजता जळगावात स्टेशनापासून बाजारापर्यंत पायी जाऊन दाखवा, मग तुमची चाल कशी होते ते बघू. आणि झॉम्बी जिथून आला तिथे त्याला ऊन, ऊस आणि चाबूक तिन्ही होते. तो हैतीचा, तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या देशाचा. फ्रेंचांच्या ताब्यात असताना तो मुलूख साखरेवर गबर झाला, आणि ती साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी पिकवली. त्या गुलामांना एकच आशा असायची, की मेल्यावर आत्मा परत आपल्या मायदेशी जाईल. झॉम्बी म्हणजे ज्याची तीही सुटका झाली नाही असा माणूस. मेला तरी त्याला थडग्यातून उठवलं आणि पुन्हा त्याच उसात उभं केलं. गुलामांनी १७९१ साली उठाव केला, १८०४ साली देश स्वतंत्र झाला, पण ही भीती काही गेली नाही. हैतीचा माणूस झॉम्बीला घाबरत नसे, आपण झॉम्बी होऊ याला घाबरायचा. एवढा साधा फरक सिनेमावाल्यांना कळला नाही.

त्यांना तो कळणार तरी कसा? १९१५ ते १९३४ हैती अमेरिकेच्या फौजेच्या ताब्यात होतं. त्याच काळात अमेरिकेतला एक प्रवासी लेखक ही गोष्ट घरी घेऊन गेला, आणि १९३२ साली पहिला झॉम्बीपट आला. त्यात निदान साखरेचा कारखाना तरी होता. झॉम्बी चरक फिरवतायत, एक तोल जाऊन चरकात पडतो, आणि बाकीचे फिरवतच राहतात. नंतरच्या सिनेमांत कारखाना गेला, मालक गेला, मजुरी बुडवणारा गेला. उरला तो फक्त मजूर. आणि त्यालाच राक्षस ठरवला.

मेंदू खाण्याचा आरोप तर १९८५ सालच्या एका विनोदी भयपटाने चिकटवलेला आहे. आमच्या घरात मेंदू खाणारा एकच, तो नातू.

पळणाऱ्या झॉम्बींवर विश्वास ठेवू नका. पळता आलं असतं तर तो उसातूनच पळाला असता.

मानधनाचंही बोलून घेऊ. १९६८ साली अमेरिकेत एक काळापांढरा सिनेमा आला. आज तुम्ही जो झॉम्बी बघता, मढ्यांचे घोळके, घराला वेढा, डोक्यात गोळी, तो सगळा त्याचा वंशविस्तार. गंमत म्हणजे त्या सिनेमात झॉम्बी हा शब्द कुणी उच्चारतही नाही. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमा बेवारशी झाला, कुणीही छापा, कुणीही विका. म्हणजे पडद्यावरही तो फुकटच राबला. नशीब बघा एकेकाचं.

आता आपल्याकडची रीत आठवा. खानदेशात मेलेलं माणूस घरी यायचं म्हटलं की आपण दार लावून घेतो का? आखाजीला नवी घागर आणतो, तिच्यात पाणी भरतो, आंबे ठेवतो, पुरणपोळी नि आमरस करून पितरांच्या नावाने आगारी टाकतो. मुंजा पिंपळावर राहतो, त्याला आपण पार बांधून देतो. वेताळाला तर राजा विक्रम पाठीवर घेऊन हिंडला, आणि वर त्याच्या कोड्यांची उत्तरंही दिली. मेलेल्यांशी कसं वागावं हे आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही.

जिवंतांचं मात्र कठीण आहे.

हैतीत अशी समजूत आहे, की झॉम्बीला मीठ द्यायचं नाही. मिठाचा कण जिभेला लागला की त्याला शुद्ध येते, आपलं काय झालंय ते कळतं, आणि तो हातातलं काम टाकून चालू लागतो. म्हणून मालक त्याला अळणी खायला घालतो. तेव्हा सूचना (कितवी ते विसरलो): झॉम्बीला शेवभाजी वाढू नका. एका घासात त्याला सगळं आठवेल आणि मग तो तुम्हाला जाब विचारेल.

मला आठवलंय. म्हणून विचारतो.

त्या खिडकीवर मला पहिल्या दिवशी सांगितलं, हयातीचा दाखला आणा. मी म्हणालो, नोव्हेंबरात दिलाय, दर नोव्हेंबरात देतो, ही पावती. ते म्हणाले, तो तुम्ही वारण्याआधीचा आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुमच्या मृत्यूचा दाखला आणा, म्हणजे तो रद्द करता येईल. मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथले भले गृहस्थ म्हणाले, गुरुजी, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तुमची कुणी केलेलीच नाही, तर दाखला कुठून देऊ? परत खिडकी. तिथे आता निराळंच माणूस. ते म्हणालं, मयताच्या वतीने वारसाने अर्ज करावा. वारस पुण्यात, त्याला सुट्टी नाही. मी विचारलं, मी माझ्या वतीने केला तर? उत्तर आलं, तुमची सही चालणार नाही, तुमचं खातं बंद आहे.

घरी येऊन हे सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, "मग माझं कुटुंबनिवृत्तिवेतन तरी सुरू करून यायचं." हसू नका, त्यांचं बरोबर होतं. मी तेही विचारून आलो. ते सुरू करायला मृत्यूचा दाखला लागतो! म्हणजे माझी पेन्शन बंद करायला मी पुरेसा मेलेलो आहे, पण बायकोला पैसे द्यावे इतका मेलेलो नाही. आणि त्याच आठवड्यात वीजबिल आलं, माझ्या नावावर. घरपट्टीची नोटीस आली, माझ्या नावावर. पाणीपट्टी, माझ्या नावावर. घेण्यापुरता मी ठणठणीत, देण्यापुरता मयत. हैतीतला तो उसातला गडी याहून काय वेगळा होता? राबण्यापुरता जिवंत, मजुरीपुरता मेलेला.

आमच्या जमातीतलं मोठं नाव म्हणजे उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी. कर्जासाठी कागद काढायला गेले तेव्हा कळलं, आपण सरकारदरबारी मेलोय आणि जमीन काकाच्या नावावर गेलीय. १९७५ पासून १९९४ पर्यंत ते कागदावर मेलेले होते. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, मृतक संघ काढला, स्वतःच्या बायकोसाठी विधवा पेन्शनचा अर्ज केला, आपली नोंद व्हावी म्हणून निवडणुकीला उभे राहिले. २००३ साली त्यांना इग नोबेलचं, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं, शांतता पारितोषिक मिळालं. जगाला हसू आलं. त्यांची एकोणीस वर्षं गेली.

मला एवढी वर्षं नाहीत, मी बहात्तरचा आहे.

आता तिसरी, चौथी, जी असेल ती सूचना. रांगेत पुढे कोण उभं आहे ते बघत जा. माझ्या त्या व्हिडिओत, डाव्या बाजूला, हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी दिसते. बघितली होती का? नसेल, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. ती निराधार योजनेच्या महिना दीड हजारासाठी आली होती. तिचा अंगठा त्या मशीनवर उमटत नव्हता. सगळा जन्म कापूस वेचण्यात गेला, वाळलेल्या बोंडांनी बोटं सोलवटली, रेघा राहतील कुठून? तीन वेळा अंगठा पुसला, पदराने पुसला, थुंकी लावून पुसला. मशीन म्हणे जुळत नाही. ती म्हणाली, "भाऊ, मी कोठे मरेल शे? मी ते आठेच शे." त्याने उद्या यायला सांगितलं. तिचं गाव सोळा किलोमीटर, जायला यायला रिक्षा. तिचा मुलगा नि सून दिवाळी होताच कोयते घेऊन बारडोलीकडे गेलेत, ऊस तोडायला, मुकादमाची उचल फेडायला. हो, ऊसच. हैती लांब आहे म्हणून मीही इतके दिवस निर्धास्त होतो. नंदुरबारच्या रस्त्याला पहाटे ते ट्रक जाताना बघा, वर भांडी, पोरं, बकरी, आणि कडेला उभी माणसं, कुणीच बोलत नाही.

आणि ज्याने तो व्हिडिओ काढला ना, तो माझा विद्यार्थी आहे. पहिलीत मी त्याला शिकवलं. हजेरी घेताना नाव पुकारलं की छाती पुढे काढून 'हजर' म्हणायचं, हे मी त्याला शिकवलं. पहिले पंधरा दिवस तो म्हणायचाच नाही, रडायचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो, म्हणायचो, तू आलायस ना, मग सांग की. आता मी त्या खिडकीपुढे उभा राहून 'हजर' म्हणत होतो, आणि तो मागून शूटिंग करत होता.

बस झाल्या सूचना. झॉम्बीबिम्बी काही नाही. लाज वाटू द्या जरा. तुमच्यापैकी किती जणांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला? मला ओळखणाऱ्यांनीसुद्धा पाठवला. एकाने तरी त्या खिडकीवर येऊन सांगितलं का, की अहो, हे गुरुजी आहेत, मी यांना ओळखतो, यांनी मला शिकवलंय? सही नको, दाखला नको, एक वाक्य. रांगेत तेव्हा पंचवीस तरी माणसं होती. पंचवीस साक्षीदार माझ्या जिवंतपणाचे! सगळ्यांच्या माना खाली, मोबाईलमध्ये. बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला मेलेलं नेमकं कोण वाटलं असतं?

आणि खिडकीच्या आत बसणाऱ्यांनो, चूक तुमची आहे, तुमच्या बोटाने झाली, ती तुम्हीच दुरुस्त करायची आहे. माझ्याकडून, माझ्या मुलाकडून, ग्रामपंचायतीकडून नव्हे. दोन मिनिटांचं काम आहे. मान वर करा, समोर बघा, माणूस दिसतो.

मी सोमवारी परत येणार आहे. ती म्हातारीही येईल, तिलाही सोमवारच सांगितलाय. भिंतीला लागून तिथे एक बाक आहे, त्यावर गेल्या वेळी चार तरणी पोरं बसली होती. ऐका रे पोरांनो, मोबाईल खिशात टाका आणि उठा तिथून. ती कधीची उभी आहे.